पहिल्या टीवर जाण्याआधी: मित्रांमधली गोल्फची पैज, पायरीपायरीने

आमच्या चौकडीच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. ती माझ्याकडे आली कारण सगळ्यांत मोठा घोळ मीच घातला होता. तो पुढे पायरी ५ मध्ये येईल. तेव्हापासून आमच्या आणि ओळखीच्या इतर चौकड्यांच्या पैजा जवळून बघतो आहे. पैशांची रक्कम किरकोळ असते, तरी अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलच्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर) चौघे चार वेगळे आकडे सांगत उभे असतात. मागे जाऊन पाहिलं की कळतं, सकाळी कोणीतरी "ते बघू नंतर" म्हणालेलं असतं.

दुसरी चूक क्रमाची. बहुतेक जण आधी रक्कम ठरवतात, मग खेळ, आणि हँडिकॅपचं (कमी कसलेल्याला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचं) दुसऱ्या होलवर चालता चालता. खरा क्रम असा: माणसं, खेळ, जास्तीत जास्त नुकसान, मग रक्कम, मग हँडिकॅप, मग बारीक नियम. खाली रक्कम कुठेच लिहिलेली नाही, सगळा हिशेब युनिटमध्ये आहे. एक युनिट म्हणजे किती, ते पायरी ३ संपल्यावरच बोलायचं.

## पायरी १: कोण खेळणार, आणि त्यातलं कोण पैज लावणार

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते आदल्या दिवशी विचारायचे. टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी), मागचे लोक खोळंबलेले असताना, "मला आज पैज नको" असं म्हणणं कुणालाही जड जातं. माणूस मान डोलावतो आणि पुढचे चार तास घुसमटत खेळतो. निरोपात सरळ लिहा: "उद्या पैज लावतोय. नुसतं खेळायचं असेल त्याने तसं कळवा, काही अडत नाही."

आणि खरंच अडू देऊ नका. एक जण बाहेर राहिला तर तिघांत खेळता येईल असा खेळ निवडा.

याच वेळी प्रत्येकाने आपला जास्तीत जास्त आकडा सांगायचा: आज एवढे गेले तरी चालतील. चार आकड्यांतला सगळ्यांत लहान आकडा ही त्या दिवशीची मर्यादा. सरासरी काढू नका. सरासरी काढली की ज्याला परवडत नाही तोच भरडला जातो.

आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या हौशी दर्जाच्या २०२२ पूर्वीच्या नियमांसोबत पैजांविषयीचं एक धोरण असायचं. त्यातल्या चार कसोट्या आजही वापरण्याजोग्या आहेत: खेळाडू एकमेकांना ओळखणारे असावेत, सहभाग ऐच्छिक आणि खेळणाऱ्यांपुरताच असावा, पैसा फक्त खेळणाऱ्यांच्याच खिशातून यावा, आणि रक्कम अवाजवी नसावी. बाहेरचा कोणी "माझेही त्याच्यावर लाव" म्हणाला की दुसरी आणि तिसरी कसोटी एकदमच मोडते. त्याला नाही म्हणा.

तपासा: तुमच्या भागातला कायदा आणि तुमच्या क्लबचे नियम मैदानावरच्या पैजेला परवानगी देतात का? नसेल तर युनिटची किंमत शून्य ठेवा. पुढची प्रत्येक पायरी नुसत्या गुणांवरही तशीच चालते.

## पायरी २: माणसांच्या संख्येवरून खेळ निवडा

दोघे, किंवा दोन विरुद्ध दोन: नॅसॉ. एकाच फेरीत तीन पैजा: पहिले नऊ, नंतरचे नऊ आणि पूर्ण अठरा. प्रत्येक पैज मॅच-प्ले पद्धतीने, म्हणजे किती होल जिंकले ते मोजायचं, एकूण फटके नाहीत. दहाव्या टीवरून सुरुवात केली असेल तर "पहिले नऊ" म्हणजे तुम्ही आधी खेळलेले नऊ, कार्डावरचे १ ते ९ नव्हेत. हे बोलून घ्या.

नॅसॉत नेहमी होणारी चूक: पहिल्या नऊंची पैज सातव्या होलवरच निकालात निघते आणि हरलेला आठव्यावर चेंडू उचलून गप्पा मारायला लागतो. आठवा आणि नववा अठराच्या पैजेत मोजले जातातच. त्याने ते दोन होल फुकट दिलेले असतात आणि हे त्याला सतराव्यावर आठवतं.

तिघे: नऊ गुणांचा खेळ. प्रत्येक होलला नऊ गुण: पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. पहिल्या जागेसाठी दोघे बरोबरीत असतील तर ४-४-१, दुसऱ्या जागेसाठी असतील तर ५-२-२, तिघेही सारखे तर ३-३-३. प्रत्येक होलची बेरीज नऊच यायला हवी. नाही आली तर पुढच्या टीवर पाय ठेवण्याआधी कार्ड बघा.

तिघे किंवा चौघे: स्किन्स. प्रत्येक होलला एक स्किन. एकट्याने सर्वांत कमी स्कोअर केला तर स्किन त्याचा. बरोबरी झाली तर स्किन पुढच्या होलवर चढतो आणि तिथे दोन होतात. सलग चार होल बरोबरीत गेले की पाचव्यावर पाच स्किन असतात, आणि त्या टीवर चांगल्या चांगल्यांचे हात थरथरतात. यातच त्याची मजा आहे.

चौघे: वुल्फ. टी-शॉटचा क्रम आधी ठरतो आणि प्रत्येक होलला एकेक पुढे सरकतो. मागच्या होलवर कोण जिंकलं याच्याशी त्या क्रमाचा संबंध नसतो. त्या होलचा वुल्फ सगळ्यांत शेवटी मारतो. प्रत्येकाचा टी-शॉट पाहून तो त्याला जोडीला घेतो किंवा सोडतो. कोणालाच घेतलं नाही तर तो एकटा विरुद्ध तिघे. इथली ठरलेली लबाडी म्हणजे तिघांचेही शॉट बघून मग पहिल्याचं नाव घेणं. नियम असा सांगून ठेवा: पुढच्या खेळाडूने चेंडू मारला की मागच्याला घ्यायची संधी संपली. चौघांच्या चार पाळ्या सोळा होलांत होतात, दोन होल उरतात. सतराव्या आणि अठराव्यावर वुल्फ कोण? बहुतेक ठिकाणी त्या वेळी गुणांत सगळ्यांत मागे असलेला. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर ते आत्ताच सांगा, सोळाव्याच्या ग्रीनवर नको.

बिंगो बँगो बाँगो नवशिक्यांसोबत छान जमतो. प्रत्येक होलला तीन गुण: ग्रीनवर सर्वांत आधी पोचणाऱ्याला, सगळे ग्रीनवर आल्यावर पिनच्या (भोकातल्या झेंड्याच्या) सर्वांत जवळ असणाऱ्याला, आणि चेंडू सर्वांत आधी कपात (भोकात) टाकणाऱ्याला. मात्र यात लांबच्याने आधी मारायचं हा क्रम काटेकोर पाळावा लागतो. वेळ वाचवायला "जो तयार तो मारेल" असं चाललं तर पहिल्या आणि तिसऱ्या गुणाला अर्थच उरत नाही.

व्हेगस चौघांचा, दोन जोड्यांचा. जोडीतले दोन स्कोअर शेजारी ठेवून आकडा बनतो, लहान अंक आधी: ४ आणि ५ म्हणजे ४५. समोरच्यांचे ५ आणि ६ म्हणजे ५६. फरक ११, तेवढी युनिटं. याच्याकडे पायरी ३ मध्ये बघू. नव्या चौकडीने यापासून लांबच राहावं असं माझं मत आहे.

इशारा: एका दिवशी एकच मुख्य खेळ. नॅसॉवर स्किन्स, त्यावर बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) पार, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांइतका स्कोअर, केल्याचे बोनस असं थर लावत गेलात की नवव्या होलनंतर कार्ड कुणालाच वाचता येत नाही.

## पायरी ३: आधी वाईटात वाईट आकडा काढा, मग युनिट ठरवा

"एक युनिट" प्रत्येक खेळात वेगळं वजन घेऊन येतं. कालच्याच रकमेने आज दुसरा खेळ लावला आणि खिसा रिकामा झाला, असं होण्याचं कारण हेच. एका माणसाचं सगळंच बिनसलं तर किती जाईल, ते खेळागणिक असं:

- नॅसॉ, प्रेसशिवाय (प्रेस म्हणजे काय ते खाली): ३ युनिटं.
- नॅसॉ, आपोआप प्रेससह: ११ युनिटं.
- स्किन्स, प्रत्येक स्किनला प्रत्येकाकडून एक युनिट: १८.
- बिंगो बँगो बाँगो, चौघांत, गुणांच्या फरकावर: ५४.
- नऊ गुणांचा खेळ, गुणांच्या फरकावर: १०८.
- व्हेगस: मर्यादा नाही.

नॅसॉचे ११ कुठून येतात ते एकदा कागदावर मांडून बघा, कारण प्रेस म्हणजे काय हे तेव्हाच डोक्यात बसतं. प्रेस म्हणजे मागे पडलेल्याने उरलेल्या होलांसाठी लावलेली नवी पैज. जुनी आपल्या जागी चालूच राहते. आपोआप प्रेसचा करार असेल तर सगळ्यांत नव्या पैजेत कोणी दोन होल मागे पडला की पुढच्या होलपासून नवी पैज सुरू होते. समजा पहिल्या नऊत तुम्ही एकही होल जिंकला नाही, सगळे हरलात. दुसऱ्या होलनंतर तुम्ही दोन मागे, म्हणून तिसऱ्यापासून एक पैज. चौथ्यानंतर पाचव्यापासून आणखी एक. सहाव्यानंतर सातव्यापासून, आठव्यानंतर फक्त नवव्याची. मूळची एक आणि या चार मिळून पाच. नंतरच्या नऊतही तशाच पाच. अठराची एक. एकूण ११. "फक्त एक-एक-एक लावलंय" म्हणणारा माणूस नकळत अकरा पैजांना हो म्हणालेला असतो.

व्हेगसचं बघायचं तर एकच होल पुरे. पार चारचा होल, तुमच्या जोडीचे स्कोअर ४ आणि ८, समोरच्यांचे ३ आणि ५. साध्या हिशेबाने ४८ वजा ३५, गेले १३. पण समोरच्यांनी बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली की तुमचे अंक उलटतात असा पोटनियम पुष्कळ जण खेळतात. मग तुमचे ८४, आणि एका होलचे ४९. तरीही खेळायचंच असेल तर एका होलला कमाल फरक किती, ते ठरवा. आम्ही दहावर अडवतो. कोणाचा दोन अंकी स्कोअर झाला तर काय करायचं तेही. १० आणि ५ चे १०५ धरतात, ५१० नाही.

आता पायरी १ मधल्या मर्यादेला या आकड्याने भागा. आलं ते तुमचं युनिट. नऊ गुणांच्या खेळात ते हास्यास्पद लहान येईल. येऊ दे. पूर्ण १०८ कोणी हरत नाही, पण निम्म्याच्या जवळ गेलेला माणूस मी पाहिला आहे आणि तो त्यानंतर दोन महिने खेळायला आला नाही.

तपासा: प्रत्येकाला एकेकदा विचारा, "आज तुझे जास्तीत जास्त किती जाऊ शकतात?" उत्तर आकड्यात आलं पाहिजे. "फार नाही" हे उत्तर नव्हे.

## पायरी ४: हँडिकॅप, एकाच पद्धतीने आणि कार्डावर ठिपके देऊन

हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूच्या कुवतीचा अधिकृत आकडा) म्हणजे त्या मैदानावर मिळणारे स्ट्रोक (सवलतीचे फटके) नव्हेत. २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये इंडेक्सला त्या टीच्या स्लोप रेटिंगने (ती साधारण खेळाडूला किती जास्त अवघड, त्याचा आकडा) गुणायचं, ११३ ने भागायचं, आणि त्यात कोर्स रेटिंग (उत्तम खेळाडूला लागतील असे अपेक्षित फटके) वजा पार मिळवायचं. इंडेक्स १२.४, स्लोप १२५, कोर्स रेटिंग ७१.२, पार ७२ असेल तर १२.४ गुणिले १२५ भागिले ११३ म्हणजे १३.७; त्यातून ०.८ गेले, राहिले १२.९. म्हणजे १३.

वेगवेगळ्या टीवरून खेळणाऱ्यांनी प्रत्येकाने आपल्या टीचे आकडे वापरले की फरक आपोआप धरला जातो. त्यावर "तू मागून खेळतोयस म्हणून दोन जास्तीचे" असं देऊ नका. तो एकाच गोष्टीचा दुहेरी मोबदला होतो.

एकास एक मॅच-प्लेमध्ये पूर्ण फरक द्यायचा. जोड्यांच्या फोरबॉल मॅच-प्लेमध्ये (जोडीतला चांगला स्कोअर धरायचा) शिफारस ९० टक्क्यांची आहे, आणि इथे क्रम चुकतो. आधी प्रत्येकाचे ९० टक्के काढायचे, मग सगळ्यांत कमी आकडा सर्वांतून वजा करायचा. कोर्स हँडिकॅप (वरच्या सूत्राने आलेले आकडे) ५, १३, १८, २२ असतील तर ९० टक्क्यांनी ५, १२, १६, २० होतात आणि स्ट्रोक ०, ७, ११, १५. उलट केलंत, म्हणजे आधी वजाबाकी आणि मग टक्के, तर तिसऱ्याला ११ ऐवजी १२ मिळतात. एका स्ट्रोकने होल जातो.

स्ट्रोक कुठे मिळणार ते कार्डावरच्या स्ट्रोक इंडेक्सवरून (होलच्या अवघडपणाच्या क्रमावरून). सात स्ट्रोक म्हणजे इंडेक्स १ ते ७ असलेले होल. पुष्कळ मैदानांवर विषम इंडेक्स एका नऊत आणि सम दुसऱ्या नऊत असतात, म्हणजे सातापैकी चार एकीकडे आणि तीन दुसरीकडे पडतात. नॅसॉत दोन्ही नऊंच्या पैजा वेगळ्या असल्याने हे आधीच दिसलेलं बरं. म्हणून पहिल्या टीवर पेन्सिलने प्रत्येकाच्या रांगेत त्या त्या होलच्या चौकटीत ठिपका द्या. "या होलला तुला आहे का रे?" हा प्रश्न पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारून झाल्यावर विचारला गेला तर काहीही उत्तर आलं तरी संशय राहतोच.

स्किन्समध्ये पूर्ण स्ट्रोक दिले तर कमी हँडिकॅपवाला कुरकुरतो: त्याने घाम गाळून बर्डी केली आणि स्ट्रोक असलेल्याच्या साध्या पारने ती बरोबरीत आणली. यावर अर्धा स्ट्रोक हा चांगला तोडगा आहे. स्ट्रोकवाल्याचा ४ हा ३.५ होतो, तो दुसऱ्याच्या चाराला हरवतो पण तिनाला नाही. बरोबरीही कमी होतात.

फुगवून सांगितलेल्या हँडिकॅपबद्दल मॅच-प्लेचा नियमच स्पष्ट आहे. जास्त सांगितला आणि त्याने स्ट्रोकांची संख्या बदलली, तर सांगणारा बाद. कमी सांगितला तर दंड नाही, पण त्याच कमी आकड्यावर खेळायचं. मित्रांमध्ये बाद कोण करणार? तरी वही बोलते. ज्याचा हँडिकॅप वीस आहे आणि जो पैजेच्या दिवशी सलग तीनदा चौदासारखा खेळतो, त्याला चौथ्या वेळी सोळा द्या आणि कारण तोंडावर सांगा.

अधिकृत हँडिकॅप नसलेला पाहुणा आला तर? इंडेक्स मिळायला निदान ५४ होलांचे स्कोअर लागतात. तेवढे होईपर्यंत त्याच्याशी युनिटशिवाय खेळा. अंदाजाने दिलेले स्ट्रोक त्याला नाहीतर तुम्हाला बोचतात.

## पायरी ५: बारीक नियम, मोठ्याने

माझा घोळ असा झाला. स्किन्स, सोळावा होल, चार स्किन पणाला लागलेले. एका मित्राचा पारचा पट दीड फुटाचा राहिला होता, उताराचा. मी स्वतः आधीच सहा मारून बसलो होतो, माझा त्या होलशी संबंध संपला होता. सवयीने म्हणालो, "उचल रे," म्हणजे पट गेला असंच धरू. त्याने उचलला. तिसरा, ज्याचा पार आधीच झाला होता, ग्रीनच्या कडेवरून म्हणाला, "मी कुठे म्हटलं उचल?" तो बरोबर होता. तो पट चुकला असता तर चारही स्किन त्याचे होते. माझ्या एका शब्दाने बरोबरी झाली. उचलणारा म्हणे मला दिला गेला, मी उचलला. तोही बरोबर होता. सतराव्या टीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. त्याच संध्याकाळी वही माझ्या हातात दिली गेली, शिक्षा म्हणून.

दोघांच्या मॅच-प्लेमध्ये पट दिला की तो दिला. परत घेता येत नाही आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. पण तीन-चार जणांच्या खेळात एकाने दिलेला पट बाकीच्यांच्या खिशातून जातो. म्हणून आता आमचा नियम: स्किन्स आणि नऊ गुणांच्या खेळात पट दिले जात नाहीत, सगळे कपात टाकायचे. देणारच असाल तर पटरच्या पकडीच्या लांबीसारखं एखादं माप ठरवा आणि पैजेत असलेल्या प्रत्येकाने हो म्हटल्यावरच चेंडू उचला.

इशारा: त्याच फेरीचा स्कोअर स्ट्रोक-प्ले (एकूण फटके मोजणाऱ्या) स्पर्धेत जाणार असेल तर दिलेला पट हा प्रकारच नाही. चेंडू कपात न टाकता पुढच्या टीवरून मारलंत तर स्पर्धेतून बाद व्हाल.

उरलेले प्रश्न भराभर विचारून घ्या. पहिल्या टीवर मुलिगन (फसलेला फटका पुन्हा मारायची मुभा) आहे का? असेल तर सगळ्यांना एक, आणि पैजेच्या होलवरही चालेल का? फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्टीवर) चेंडू उचलून ठेवायची मुभा आहे का? चेंडू शोधायला नियमाची तीनच मिनिटं; घड्याळ कोण लावणार? अठराव्यावर बरोबरी झाली तर चढलेले स्किन कोणाचे: रद्द, वाटून, की पटिंगने सोक्षमोक्ष? पाऊस किंवा अंधार आला तर? आम्ही पुरे झालेले स्किन मोजतो आणि अपुऱ्या नऊची पैज रद्द धरतो. कोणी दुखापतीने मध्येच थांबला तर त्याच्या चालू पैजा त्याच क्षणी गोठवतो. तुमची उत्तरं वेगळी असली तरी चालेल, फक्त ती आधी यायला हवीत.

आणि प्रेसबद्दल चार गोष्टी: आपोआप की मागितल्यावर, किती होल मागे पडल्यावर, समोरच्याला नाकारता येतो का, आणि अठराच्या पैजेवर प्रेस चालतो का. वरचा ११ चा हिशेब अठरावर प्रेस नाही असं धरून केलेला आहे.

## पायरी ६: मैदानावर लिहिणं

1. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. दोघे समोरासमोरच्या बाजूंचे.
2. ग्रीन सोडल्यावर, पुढच्या टीवर, प्रत्येकाने आपला स्कोअर स्वतः सांगायचा. लिहिणाऱ्याने अंदाजाने भरायचा नाही.
3. मग लिहिणाऱ्याने स्थिती वाचून दाखवायची: "पहिल्या नऊत आपण एक मागे, प्रेसमध्ये बरोबरी, अठरात एक मागे." दहा सेकंदांचं काम.
4. प्रेस मागायचा तर टीवर, कोणीही चेंडू मारण्याआधी, मोठ्याने. समोरच्याने "घेतला" म्हणायचं आणि त्या होलच्या चौकटीवर "प्रे" लिहायचं. गाडीत बसता बसता पुटपुटलेला प्रेस धरू नका.
5. चढलेले स्किन आकड्याने लिहा. बाण काढत बसलात तर चौथ्या बाणानंतर किती झाले ते मोजावं लागतं.

मॅच-प्लेमध्ये पाळी सोडून मारलं तर समोरचा तो शॉट परत मारायला लावू शकतो. वेळ वाचवण्यासाठी क्रम सोडायचा असेल तर तसं आधी बोलून घ्या, नाहीतर तुमचा उत्तम शॉट परत मारायची वेळ येईल आणि तक्रार करता येणार नाही.

जोडीदार नसलेल्या कोणालाही "कोणता क्लब (काठी) घेतलास?" विचारू नका. पैजेच्या दिवशी हा सल्ला मागणं होतं, आणि नियमाने त्याला दंड आहे.

## पायरी ७: हिशेब, कार्ड खिशात जाण्याआधी

प्रत्येकाने प्रत्येकाला वेगळं देत बसलात तर चौघांत सहा व्यवहार होतात आणि एक तरी विसरला जातो. त्याऐवजी एक सूत्र: खेळाडूंची संख्या गुणिले तुमचे गुण, वजा सगळ्यांचे मिळून गुण. आलं ते तुमचं येणं, उणे आलं तर देणं.

चौघांनी स्किन ७, ५, ४ आणि २ जिंकले. एकूण १८. पहिल्याचे चार गुणिले सात वजा अठरा, म्हणजे १०. दुसऱ्याचे २. तिसऱ्याचे उणे २. चौथ्याचे उणे १०. चौथा पहिल्याला दहा देतो, तिसरा दुसऱ्याला दोन, झालं. हेच सूत्र बिंगो बँगो बाँगोला आणि नऊ गुणांच्या खेळालाही लागतं. तिघांचे ६०, ५४ आणि ४८ झाले तर बेरीज १६२, आणि येणं-देणं १८, शून्य, उणे १८.

तपासा: सगळ्यांच्या येण्या-देण्याची बेरीज शून्य आली पाहिजे. एकनेही चुकली तर कार्डावर परत जा, "असू दे रे" म्हणू नका. नऊ गुणांच्या खेळात बेरीज १६२ नसेल तर कुठल्यातरी होलला ४-४-१ ऐवजी ५-५-१ लिहिलेलं सापडेल; तिथूनच शोधायला सुरुवात करा.

नॅसॉत प्रत्येक पैज वेगळी लिहून निकाल लावा: पहिले नऊ, त्याचे प्रेस, नंतरचे नऊ, त्याचे प्रेस, अठरा. "साधारण आपण बरोबरीतच आहोत" हा हरणाऱ्याचा हिशेब असतो.

त्याच दिवशी चुकतं करा. उधारी पुढच्या आठवड्यावर गेली की हरलेला दुप्पट युनिट मागतो, आणि पायरी १ मधली मर्यादा कोणाच्याच लक्षात राहत नाही. फेरी संपल्यावर "चल, एकाच पटवर सगळं फिटवू" असं आलं तर लिहिणाऱ्याने कार्ड घडी करून खिशात घालावं. ही भूमिका मी करतो. लोकप्रिय नाही.

## पायरी ८: मत जुळलं नाही तर

आधी कार्ड बघा. कार्डावर लिहिलेलं आणि त्या वेळी वाचून दाखवलेलं असेल तर तेच धरायचं, आठवण काहीही सांगो. कार्डावर नसेल तर तो होल बरोबरीत सुटला असं धरा. स्किन असेल तर पुढे चढवा. पैजेत नसलेला कोणी सोबत असेल तर त्याला पंच करू नका, तो नुसता खेळायला आला आहे.

प्रश्न नियमाचा नसून तुमच्या ठरावाचा असेल, म्हणजे सकाळी बोलायचं राहूनच गेलं होतं, तर वहीत त्या होलचा आकडा, तारीख आणि पुढे प्रश्नचिन्ह लिहा. पुढच्या वेळी पायरी ५ तिथून सुरू करा. आमच्या वहीतलं पहिलं प्रश्नचिन्ह सोळाव्या होलपुढे आहे.